सॅलीमावशीचं मंडळ बंद करण्याबाबत

लोअर वेंडल, ऑक्सफर्डशायर
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

प्रिय थेल्माताई,

धाकट्या भावाचा, म्हणजे रोलंडचा, तुला वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. उजवा गुडघा आता वाकायला तयार नसतो, तेव्हा नमस्कार उभ्यानेच केला आहे असं समज.) तुझा नवा खुबा कसा आहे? त्या कुशीवर झोपता येतं का? तिकडे टास्मानियात झाडांना पालवी फुटत असेल. इकडे सफरचंदाच्या झाडावर एकच पान उरलं आहे आणि ते का उरलं आहे हे त्यालाही माहीत नसावं. मी दोन वेळा जेवतो, तिसऱ्या वेळी टोस्ट खातो. डॉक्टरीणबाई म्हणतात, माझं हृदय चाळिशीतल्या माणसासारखं आहे. बाकीचं शरीर कुणासारखं आहे ते त्या सांगत नाहीत. एकंदरीत काळजी नसावी.

पत्राला कारण आपलं सॅलीमावशी मंडळ, म्हणजे खांबावरच्या लाकडी मावशीला दांडकी मारून पाडणाऱ्या आपल्यासारख्यांचं. ते बंद करायचं ठरलं. थांब, लगेच खाली बसू नकोस, खुब्याला झटका बसेल. सगळं क्रमाने सांगतो.

तू टास्मानियाच्या जहाजात बसलीस तेव्हा खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक पबच्या मागे आपलं एक मैदान होतं. आता ‘नांगर’चं राहतं घर झालं आहे. लंडनचं एक जोडपं शनिवार-रविवार येतं आणि जिथून आपण दांडकी फेकायचो तिथे गरम पाण्याच्या टाकीत बसतं. ‘पांढरं हरीण’मध्ये आता चांगलं जेवण मिळतं असं म्हणतात, पण ते ताटात शोधावं लागतं. ‘रेल्वे’च्या जागी अंत्यविधीवाल्यांनी दुकान थाटलं. (तिथे निदान आपली माणसं अजून जातात.) राहता राहिले ‘तीन घुबडं’ आणि ‘सुतार’, म्हणजे दोन पब आणि ओढूनताणून तीन संघ. बेरिल गॉडफ्रीचा संघ आणि माझा संघ या उन्हाळ्यात इतक्या वेळा समोरासमोर आले की शेवटी शेवटी आम्ही एकमेकांना ‘गुड ईव्हनिंग’ म्हणायचं सोडून ‘पुन्हा?’ एवढंच म्हणायचो. (बेरिल तुला आठवत असेल, टपालकचेरीच्या खिडकीमागे बसायची ती. आता निवृत्त झाली आहे, पण अजूनही समोरच्याकडे तो चुकीच्या खिडकीशी उभा असल्यासारखीच बघते.)

त्यातच ऑगस्टमध्ये हॉरेस टिपेटने सांगितलं की तो अध्यक्षपद सोडतोय. ताई, आपण दोघं त्याच्याकडूनच दांडकं धरायला शिकलो. आता त्याची मुलगी त्याला स्विंडनला नेते आहे, तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये. तिथे भिंतीत एक दोरी आहे, ती ओढली की मदतीला माणूस येतो म्हणे. हॉरेस म्हणाला, “रोलंड, आयुष्यभर मी सामन्याला माणसं मिळावीत म्हणून दारोदार हिंडलो. आता नुसती दोरी ओढायची.” आम्ही दोघंही हसलो. मग बियर कोमट होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.

नवी माणसं मिळवली तर मंडळ तरेल, असं बेरिलचं म्हणणं पडलं. म्हणून आम्ही गावच्या जत्रेत खेळ मांडायचा घाट घातला. लोखंडी खांब मी व्हॅनमधून नेला, पांढरी लाकडी मावशी बेरिलने मांडीवर बसवून नेली. (पट्टाही लावला होता.) जागा मिळाली ती भाज्यांच्या प्रदर्शनाच्या तंबूशेजारी. बेरिल येणाऱ्याजाणाऱ्याला घसा ताणून सांगत होती, “सहा दांडकी आहेत! मावशीला पाडायचं! पण खांबाला लागून पडली तर धरत नाही!” लोक ‘वा, किती छान’ म्हणत होते आणि आइस्क्रीमकडे जात होते. शेवटी ग्रामपरिषदेचे अध्यक्ष मिस्टर पेलम पुढे झाले. नवी हॅट होती, फोटोवाला बरोबर होता. मी त्यांना म्हटलं, “साहेब, हात खालून फिरवा.” ते म्हणाले, “मी शाळेत क्रिकेट खेळलोय,” आणि त्यांनी हात जो वरून फिरवला, तो मागे गेला असतानाच दांडकं सुटलं. मावशी पुढे, दांडकं मागे. ते तंबूत शिरलं आणि पहिल्या बक्षिसाच्या दुधी भोपळ्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. भोपळा मिसेस पेलम यांचा होता. त्यांनी एप्रिलपासून त्याला रोज पाणी घातलं होतं, पावसातसुद्धा.

यानंतर आम्हाला सुरक्षिततेच्या कारणास्तव शौचालयामागच्या जागेत हलवण्यात आलं. तिथे मात्र पाहता पाहता मोठी रांग लागली. ताई, खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मी रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात दांडकं दिलं. ती म्हणाली, “हे आत न्यायचं का?” बेरिलने मला कोपराने ढोसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती रांग कशाची होती. दिवसभरात नवा सभासद एकही मिळाला नाही. एक निवृत्त दंतवैद्य थोडा वेळ थांबले होते, पण त्यांना आम्ही चर्चची गायकमंडळी वाटलो होतो.

तू म्हणशील, एवढं काय त्यात, लाकडाच्या बाहुलीला काठ्या मारणं थांबलं तर थांबलं. माझी बायको डोरीनही तसंच म्हणायची. पण डोरीनला दफनभूमीत पोचवून आल्यावर त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दारात बेल वाजली. बेरिल होती. तिने माझ्या हातात दांडक्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, “आम्हाला एक माणूस कमी पडतोय.” (कमी पडत नव्हता. मैदानावर जाऊन मी माणसं मोजली.) मी खेळलो. कुणी डोरीनचं नाव काढलं नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. माझी सहाच्या सहा दांडकी वाया गेली तेव्हा हॉरेस ओरडला, “काय रे, नजर गहाण ठेवलीस का?” आणि डोरीन गेल्यापासून मला पहिल्यांदाच श्वास घेता आला. इथे माझ्यासारखे बरेच आहेत. आमचं आठवड्यातलं बोलणं म्हणजे तेवढंच, आणि त्यातही निम्मा वाद, खांबाला लागलं की नाही लागलं याचा.

तर परवा वार्षिक सभा झाली, ‘तीन घुबडं’च्या मागच्या खोलीत. पबवाला डर्मॉट हा स्वभावाने बरा आहे, पण त्याला मैदानाच्या जागी पिझ्झाची भट्टी बांधायची आहे, आणि तो आमच्याकडे जरा जागा रिकामी होण्याची वाट बघणाऱ्या भाडेकरूसारखा बघतो. सभेला गणसंख्या पुरेना. मग डर्मॉटलाच आत बसवलं आणि चिप्स घेऊन आलेल्या त्याच्या आईलाही. आई कानाने अधू. हॉरेसने उभं राहून, चष्मा पुसून, मंडळाच्या विसर्जनाचा ठराव वाचला. त्याचा आवाज फार हळू येत होता. म्हातारी म्हणाली, “काय करतायत?”

डर्मॉट तिच्या कानाशी ओरडला, “बंद करतायत, आई! बंद!”

“करा की मग! केव्हाचं वारं येतंय!”

हे ठरावाच्या बाजूचं पहिलं मत म्हणून नोंदवण्यात आलं. मग एकेक हात वर झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझाही हात वर गेला. ताई, अध्यक्ष नाही, संघ नाहीत, मैदान जाणार, विरोध कशाच्या जोरावर करायचा? बेरिलने सगळ्यात शेवटी हात वर केला आणि तो खाली घेताना म्हणाली, “कुणी मारलं असतं आपल्याला तर बरं वाटलं असतं. आपण नुसते म्हातारे झालो, हॉरेस.”

ठराव एकमताने मंजूर झाला. यानंतर हॉरेसने मंडळाच्या घटनेचं पुढचं कलम वाचलं. विसर्जनासाठी तीन सभासदांनी स्वखुशीने पुढे यावं, ढाली आणि कप मूळ देणगीदारांच्या वारसांना शोधून परत करावेत, मैदानातले खांब उपटावेत, पबवाल्यांना कळवावं, इत्यादी. “तर कोण पुढे येतंय?” हॉरेसने विचारलं.

कुणीच नाही. एकाला नातवाला पोहायला न्यायचं असतं. एकाची पाठ. दोघं जण आपल्या बुटांकडे असे बघायला लागले की जणू ते आजच कुणीतरी त्यांच्या पायात घातलेत. मी सचिव, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं की सचिवाचं काम लिहिण्याचं आहे, उपटण्याचं नाही. हॉरेसने पुन्हा विचारलं. कुणीतरी चिप्स खाल्ली, तिचा कुरकुर आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

मग बेरिल उठली. “म्हणजे बघा,” ती म्हणाली, “चालवायला माणूस मिळत नाही म्हणून आपण मंडळ बंद करतोय. आणि बंद करायलाही माणूस मिळत नाही.”

हॉरेसने घटना उलटी-सुलटी करून पाहिली. शेवटी त्याने चष्मा काढला आणि अध्यक्षीय निर्णय दिला, की ठराव मंजूर आहे, परंतु त्याची अंमलबजावणी करण्यास कुणीही इच्छुक नसल्याने मंडळ नाइलाजाने पुढील वर्षी चालू राहील. टाळ्या वाजल्या नाहीत. पण खोलीभर खुर्च्या एकदम मागे सरकल्या, सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, आणि डर्मॉटसुद्धा (त्याची भट्टी वर्षभर लांबली होती) म्हणाला, “जाऊ द्या, भट्टी काय पळून चालली आहे का?” त्याच्या आईला वारं यायचं थांबलं की काय कोण जाणे, तिने सगळ्यांना पुन्हा चिप्स वाढल्या.

बाहेर अजून थोडा उजेड होता, पावसाची भुरभुर होती. कुणी सुचवलं ते आठवत नाही, पण आम्ही सगळे मैदानावर गेलो आणि हॉरेसला दांडकी दिली. शनिवारी तो जाणार होता. त्याने कोट काढून माझ्याकडे दिला. (कोट किती हलका होता, ताई. माणूसही तसाच झाला आहे.) पहिलं दांडकं डावीकडून गेलं. दुसरं वरून. तिसरं खांबावर वाजलं, आणि नेहमी त्यावर भांडणारे आम्ही सगळे गप्प. चौथं, पाचवं मागे टांगलेल्या पडद्यात. सहावं त्याने बराच वेळ हातात तोललं, फेकलं, आणि ते वाटेतच गवतात पडलं. मावशी होती तिथेच, जरा ओली. हॉरेस तिच्याकडे बघत उभा राहिला आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “बरं मग. बस तू.”

बेरिलने दांडकी गोळा केली. खरं तर ते तिचं काम नव्हतं.

काल मुलगी त्याला घेऊन गेली. गाडीतून त्याने हात केला नाही, नुसती बोटं वर केली, पुढच्या खेळाडूला खूण करतो तशी. रात्री त्याने फोन केला होता. म्हणाला, दोरी ओढून पाहिली, एक फार चांगली बाई आली, पण तिला खेळ येत नाही.

असो. तुला उगाच लांबलचक वाचायला लावलं. आपल्या प्रकृतीला जप, आणि कांगारूंना फार जवळ येऊ देऊ नकोस. बेरिल तुला आठवण सांगते. (खरं तर तिने सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तसं होतं.)

तुझा,
रोलंड

ता. क. – मंडळ चालू राहायचं तर अध्यक्ष लागतो, हे आमच्या उशिरा ध्यानात आलं. म्हणून खेळ आटोपल्यावर सभा पुन्हा भरवली. हजर असलेल्या प्रत्येकाने तोंडी नकार दिला. घटनेप्रमाणे अध्यक्ष हा खोऱ्यातल्या कुठल्याही संघाकडून एकदा तरी खेळलेला असावा, एवढीच अट आहे. तो हजर असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा जी व्यक्ती नकार द्यायला तिथे नव्हती, तिची एकमताने निवड झाली. अभिनंदन, ताई.

ता. क. २ – बेरिलचं म्हणणं आहे की मेमधल्या पहिल्या सामन्याला पहिलं दांडकं अध्यक्षानेच फेकायचं असतं. मी म्हटलं, टास्मानियाहून कोण येतंय एवढ्यासाठी. ती म्हणाली, “तिला विचारलंस का?” मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की केनभावोजी गेल्यापासून तू रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देतेस. मी ते वाक्य बऱ्याचदा वाचलं. इकडे मीही देतो. मागची खोली मी रंगवून घेतली आहे. डोरीनचं शिवणयंत्र जिन्याखाली हलवलं. खिडकीतून चर्च दिसतं आणि जरा वाकलं तर मैदानही. परतीचं तिकीट काढायची घाई करू नकोस.

ता. क. ३ – अध्यक्षपदाचा नकार लेखी द्यावा लागतो, आणि तो सचिवाने स्वतः उघडून वाचल्याशिवाय ग्राह्य धरला जात नाही. सचिव मी आहे, आणि टास्मानियाचं पाकीट मी आता उघडणार नाही. काय ते विमानतळावर भेटल्यावर सांग.