व्हॉल्वपासून सुटलेला हात

गोडदेव, मंगळवार

प्रिय स्वप्नाली,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी दोन वाक्यांत चिडतो आणि तुझी आई फोन ओढून घेते, म्हणून लिहितोय.

परवा तू कंपनी दाखवलीस तेव्हापासून जीव भांड्यात पडलाय. नाहीतर इतकी वर्षं डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. तू राळ शिजवायच्या त्या तापलेल्या रिअॅक्टरखाली वाकतेस, व्हॉल्व उघडतेस आणि तपासणीसाठी बाटलीत गरम राळ घेतेस. मनगटावर उडालेल्या थेंबाचा डाग तू बांगडीखाली लपवतेस, पण मला दिसतो. म्हणून तर नोकरी सोड, नोकरी सोड म्हणून तुझं डोकं खाल्लं.

परवा बघितलं, तो व्हॉल्व आता कुणी उघडतच नाही. आत काचेच्या तोंडाची सळई बसवलीय. तिच्यातून उजेड जातो, राळ त्यातला थोडा गिळते, बाकीचा परत येतो. कुठला उजेड गिळला यावरून संगणक ओळखतो, माल किती शिजला आणि आच कधी उतरवायची. तू सांगत होतीस तेव्हा मला आपलं मिठागर आठवलं. पाण्यावर लाली आली की आता मीठ धरणार, हे मी बांधावर उभा राहून सांगायचो. मग डोक्यात शिरलं. तरी तुझ्या कौस्तुभ साहेबांना विचारलंच, काच मळली तर? ते हसले, म्हणाले, काका, मशीन आमच्याआधी ओरडते. मग लाइट गेली तर, असं विचारणार, तेवढ्यात तू माझा शर्ट ओढलास.

आता खरं सांगतो. माझे मासे डॉक्टरांनी बंद केले नव्हते. तुझा हात भाजला त्या दिवशी मी गावदेवीला बोललो होतो, पोरीचा हात त्या व्हॉल्वपासून सुटेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. नोकरी सुटेपर्यंत असं बोललो नाही, देवीनेच बुद्धी दिली. आज नारळ फोडला आणि उत्तनच्या हंसा कोळणीकडून बोंबील आणले. तुझी आई म्हणाली, काय हो, डॉक्टर बदलला वाटतं! मग तिनेच सांगितलं, माझ्या काळजीपायी तू राजीनामा लिहून ठेवलायस. तो फाडून टाक, बाय. मी जेवून उठलो तो थेट लिहायलाच बसलो. कागदाला बोंबलाचा वास आला तर नाक मुरडू नकोस.

पोटभर जेवलेला तुझाच,
बाबा