उपकेंद्रातल्या बकरीविषयी

ती. वहिनींना,
धाकट्या दिराचा नमस्कार.

पाकीट बघून दचकला असाल तर आधी सांगून टाकतो, मी धडधाकट आहे आणि कुणाला काही झालेलं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? दुखतो तो डावा की उजवा याबद्दल माझा नेहमी घोटाळा होतो, म्हणून दोघांचीही चौकशी करतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल या हिशेबाने अक्षर मोठं काढतोय. (पत्र जाड दिसतंय ते त्यामुळे.) फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही 'कसा आहेस' विचारणार, मी 'बरा आहे' म्हणणार, आणि मग समोरचा कधी ठेवतो याची दोघंही वाट बघत बसणार. पत्राला कारण आहे, ते शेवटी येईल. तोवर इकडची हकीकत ऐका.

मी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (दादा लोकांना सांगायचा, 'आमचा धाकटा दिवे लावतो.' त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.) तर दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी रस्त्यापलीकडून कुणीतरी आमच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर दोन गोळ्या झाडल्या. कुणी, कशासाठी, हे पोलिसांना अजून कळलेलं नाही. गोळ्या लागल्या थंड करायच्या पात्यांना, आणि भोकांतून तेल भळाभळा वाहू लागलं. मी सहाचं रीडिंग लिहीत होतो. बघतो तर तापमानाचा काटा भलतीकडेच निघालेला. मी सरळ सगळं बंद केलं. त्यामुळे आग लागली नाही, आणि त्यामुळेच अर्ध्या शहरात तीन दिवस अंधार झाला. पहिल्या गोष्टीबद्दल खात्याने मला प्रशस्तिपत्रक दिलं आणि दुसरीबद्दल लेखी खुलासा मागवला. दोन्ही एकाच पाकिटात आली, वहिनी.

आता तुम्हाला वाटेल, बिघडला तर बदलायचा, त्यात काय एवढं. पण एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. तो सांगून बनवून घ्यावा लागतो आणि बनायला सव्वा वर्ष लागतं. तेवढ्या काळासाठी शहराची वीज दुसऱ्या उपकेंद्रावर वळवली आणि माझ्या तीन सहकाऱ्यांनाही तिकडेच वळवलं. मी मात्र राहिलो, कारण नियम असा की जिथे ट्रान्सफॉर्मर आहे तिथे ऑपरेटर हवा. ट्रान्सफॉर्मर चालू असला पाहिजे असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही. दर तासाला रीडिंग लिहायचं बंद करा असा हुकूमही कुणी काढला नाही. तेव्हा सकाळी आठपासून मी तक्त्यावर लिहितो: भार शून्य. नऊ वाजता पुन्हा जाऊन बघतो आणि लिहितो: भार शून्य. पहिल्या महिन्यात दोनदा खाडाखोड केली, का ते आता आठवत नाही.

एकोणीस वर्षं त्या ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकत मी डबा खाल्ला. चालू होती तोवर तिचा वैताग यायचा. बंद पडली आणि जेवण जाईना. मग मीच जेवताना तसा आवाज काढायला लागलो. (घास तोंडात असताना जमत नाही. दोन घासांच्या मध्ये काढायचा.) हसा खुशाल, पण खरं सांगतो, मला इथे करमत नाही. क्वार्टरमध्ये भिंती, इकडे यंत्रं, आणि मधला रस्ता दोनशे पावलांचा.

असो. पुन्हा घातपात होऊ नये म्हणून खात्याने संरक्षणाचं मनावर घेतलं. चारी बाजूंनी नऊ फूट उंच काँक्रीटची भिंत उठली. भिंतीच्या आत तारेचं कुंपण, आणि तारेला अशी सोय की नुसता धक्का लागला तरी भोंगा होतो आणि अकरा मिनिटांत चार शिपायांचं पथक गाडी घेऊन हजर. प्रमुखांना मी मनातल्या मनात 'मिशा' म्हणतो, कारण माणसाआधी त्याच फाटकातून आत येतात.

आणि इथेच ती बकरी आली. भिंत होऊन आठवडा झाला नसेल, भरदुपारी भोंगा झाला, पथक बंदुका सरसावून आत शिरलं. मी सांगितलं, बकरी होती, तारेला घासून गेली. त्यांनी सगळीकडे पाहिलं, बकरी काही सापडली नाही. पण आलाच आहात तर चहा घ्या म्हटलं. चौघे ऐसपैस बसले. एकाने माझ्या पाठीची चौकशी केली, दुसऱ्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं काढलं, मिशांनी तर माझं कपाट सरकवून दिलं, जे मला एकट्याला वर्षभर सरकवता आलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी गेले. कप धुताना माझ्या लक्षात आलं की पाच कप आपण कित्येक महिन्यांत धुतले नव्हते. (कप तीनच होते, बाकी दोघांना पेल्यात दिला. नंतर मी चार कप आणून ठेवले. बकरी काय, पुन्हाही येऊ शकते.)

आणि आली. तीन आठवड्यांनी आली, मग पंधरा दिवसांनी, मग दर मंगळवारी यायला लागली. मिशा हुशार माणूस. पाचव्या खेपेला बिस्किट चहात बुडवता बुडवता म्हणाले, "काका, भिंत नऊ फुटांची. फाटकाची किल्ली तुमच्या खिशात. बकरी येते कुठून?"

मी म्हटलं, चपळ असतात. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि बिस्किट चहात पडलं. पुढच्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं: भोंगा विनाकारण वाजतोय, कारण शोधावं. नवा ट्रान्सफॉर्मर बसल्यावर इथे एकच माणूस ठेवायचा आहे, आणि तो माणूस भरवशाचा आहे की नाही याचा अहवाल पथकप्रमुखांनी द्यावा. नाही म्हणाले तर मला मुख्य कोठारात बोल्ट मोजायला पाठवतील आणि क्वार्टर सोडावं लागेल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बकरीनेही यायचं बंद केलं.

मग मागच्या महिन्यात नवा ट्रान्सफॉर्मर आला. शंभर चाकांची गाडी, माणसाच्या चालीने चालणारी. पुढे झेंडी घेऊन एक जण, मागे दोघे. चार दिवस रस्ता कापून फाटकापाशी आली आणि थांबली. कारण भिंत बांधणाऱ्या कार्यालयाने फाटक पथकाच्या जीपच्या मापाने ठेवलं होतं, आणि ट्रान्सफॉर्मर मागवणाऱ्या कार्यालयाला भिंत आहे हेच कुणी कळवलं नव्हतं. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, वरखाली मजल्यांवर. आमचं संरक्षण इतकं चोख झालं होतं की ज्याचं संरक्षण करायचं तोच आत येईना. दोन्हीकडचे साहेब टेप घेऊन दिवसभर मापं काढत राहिले, जणू पुन्हा मोजल्यावर फाटक रुंदावणार होतं. शेवटी भिंत फोडली. सगळे डोकं धरून बसले होते आणि मी एकटाच खूश, कारण आता बकरीला यायला वाट झाली. (मिशांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "बकरी आधी येत होती, काका.")

परवा नवा ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा चालू केला. त्याचा आवाज जुन्यापेक्षा बारीक आहे, पण आहे. साहेब टाळ्या वाजवत होते, आणि मला एकदम दादा आठवला. तो गेला त्या दिवशी मी याच खोलीत होतो. पाळी संपली होती, पण दुसरा माणूस आला नाही, आणि जिवंत ट्रान्सफॉर्मर सोडून निघता येत नाही. तिसऱ्या दिवशी पोचलो. तुम्ही दारात फक्त विचारलंत, जेवलास का. त्यापुढे काही बोलला नाहीत, मीही बोललो नाही, आणि बघता बघता तीन वर्षं झाली. दीड वर्ष मी एका मेलेल्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसून काढलं, वहिनी, आणि दादापाशी मला एक तास बसता आलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

असो. गुडघ्यांना शेक देत जा. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
दिवे लावणारा

ता. क. : पत्राचं कारण राहिलं. नव्या ट्रान्सफॉर्मरबरोबर भोंगाही नवा आलाय; तो वाजला की त्याचं यंत्र ऑपरेटरच्या नातेवाइकाला आपोआप फोन लावतं, आणि त्यासाठी एक फॉर्म आहे. त्यात 'अडचणीच्या वेळी कळवायचे नातेवाईक' असा रकाना आहे. मी 'नाही' लिहिलं, फॉर्म परत आला, रकाना रिकामा चालत नाही. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं नाव घातलं, नात्यापुढे 'चहा' लिहिलं. परत आला. मग उपकेंद्राचाच नंबर दिला, तर यंत्र पाऊण तास स्वतःलाच फोन करत बसलं. दादाच्या जुन्या वहीत तुमचा नंबर 'घर' या नावाखाली आहे. तो घालू का? नात्यापुढे 'वहिनी' लिहिलं तर चालेल ना? दादा गेल्यावर ते चालतं का, हे मला कुणाला विचारता येत नाही.

ता. क. २ : बकरी नव्हती. पहिल्यांदा तारेवर मी टॉवेल वाळत घातला होता आणि चार बंदुकांसमोर ते सांगायची लाज वाटली. नंतरच्या वेळी टॉवेलही नव्हता. मिशांना मी काल सगळं सांगून टाकलं. त्यांनी अहवालात 'भरवशाचा' असं लिहिलं, आणि मंगळवारी पथक चहाला भोंग्याशिवाय येईल म्हणाले.

ता. क. ३ : तुमचा नंबर मी घालून बसलोय. रागावू नका. गुरुवारी सकाळी अकरा वाजता भोंग्याची चाचणी आहे, तेव्हा तुमचा फोन वाजेल. यंत्राचा आवाज असेल, माझं नाव घेईल आणि या माणसाला ओळखत असाल तर एक दाबा असं सांगेल. त्यानंतर भलत्या वारी, भलत्या वेळी वाजला तर घाबरू नका, कुंपणाला बकरी लागली असेल. पण उचला.