अर्ध्या मार्काची चूक

११ नोव्हेंबर, मंगळवार
गावाहून आबाकाकांचा फोन. शेजारच्या राज्यातल्या पोलिसांचं इंग्रजी पत्र आलंय, फोटो पाठवलाय, वाचून सांग. दादाचा ट्रक पुरात गेला त्याला चार महिने झाले. त्याच नदीत खाली एक देह सापडलाय. फोटो धूसर, आणि घडी नेमकी त्या शब्दावर. सुरुवातीला पी, शेवटी बीएलवाय. स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि सांगून टाकलं, बहुतेक दादाच.
नंतर आठवीचा तास घेतला. काय शिकवलं, आठवत नाही.

१२ नोव्हें., बुध.
जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे काळीपिवळी. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. वहिनींच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरवलं. कपाळ कोरं. कोपऱ्यात बसून होत्या. मला बघून पदर पुढे घेतला.
आबाकाकांनी मूळ पत्र हातात दिलं. शब्द पॉसिबली होता. मी प्रॉबेबली वाचला.
परत वाचलं. पॉसिबलीच.

१३, गुरु.
शाळेत रजा कळवली.
तीस वर्षं फळ्यावर शिडी काढतोय. वर सर्टनली, खाली प्रॉबेबली, त्याच्याखाली पॉसिबली. कुणी 'बहुतेक' आणि 'कदाचित'मध्ये गल्लत केली की अर्धा मार्क कापतो. पोरं मागून अर्धा मार्क सर म्हणतात, ठाऊक आहे मला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.
देह अजून पोलिसांकडेच, म्हणून रविवारी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची, असं ठरतंय. त्याआधी बोलायला हवं. पण काय बोलू? कदाचित दादा असेल, कदाचित नसेलही. असल्या आशेवर एखाद्या बाईला बसवून ठेवायचं? दिवसभर गप्प राहिलो. स्वतःची लाज वाटते.

१४, शुक्र.
सांगितलं. आधी आबाकाकांना, ओट्यावर. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तू सांगं तेच आम्ही खरं धरं. फोडेल बांगड्या परत भरता येतस का?"
ओरडले असते तर बरं झालं असतं.
मग वहिनींना. शिडीसकट समजावलं, मास्तरकी जाता जात नाही. वरची पायरी, खालची पायरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"भाऊ, पायऱ्या ऱ्हाऊ द्या. शे का नही, इतलंच सांगा."
दादा आहे की नाही, माहीत नाही, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडलो. त्या नाही रडल्या.
पत्राच्या शेवटी रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी तपासणीचं लिहिलंय. तेही मी त्या दिवशी वाचलं नव्हतं. दादाचं आणि माझं रक्त एकच. पुतळ्याचं थांबवलं.

१८, मंगळ. धुळे.
सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. वहिनी सोबत. मोकळी मनगटं पदराखाली, अख्ख्या एस.टी.त हात बाहेर काढला नाही. तिकीट मीच काढलं.
खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे केला. बेपत्ता इसमाच्या पत्नीचं पूर्ण नाव. वहिनी सातवी शिकलेल्या, नाव स्वतः लिहितात. पेन धरून थांबल्या. मग हळूच, "भाऊ, पुढे काय लिखू? सौ. का श्रीमती?"
मागे रांग होती. खिडकीतल्या बाई घड्याळ बघत होत्या. नुसतं नाव लिहा, म्हटलं.
त्यांनी लिहिलं. पण आधी एका शब्दाची जागा सोडली.

२६, बुध. जळगाव.
दवाखान्यातून काही नाही. आबाकाका बोलत नाहीत माझ्याशी. म्हणजे बोलतात, पण हवापाण्याचं. गावात म्हणे दोन तट. वहिनींनी हळदीकुंकवाचं बोलावणं स्वतःच टाळलं, आणि शेजारच्या घरी विधवा बायका बसायला आल्या तेव्हा तिथेही गेल्या नाहीत. कुठेच जात नाहीत.

५ डिसें., शुक्र.
निकाल नाही.
आठवीचे चाचणीचे पेपर तपासले. एका मुलीने पॉसिबलीचा अर्थ 'बहुतेक' लिहिलाय. लाल पेन हातात तसंच. कापलाही नाही, दिलाही नाही. तो पेपर वेगळा ठेवलाय. मुख्याध्यापक सोमवारी गुण मागणार.
संध्याकाळी वहिनींचा फोन. आधी माझी तब्येत विचारली, भरीत करता का हिवाळ्यात, विचारलं. मग म्हणाल्या,
"भाऊ, कागद उना ते फोनवर सांगू नका. स्वतः या."
आला की येतो, म्हटलं.