अर्ध्या शटरच्या आत

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला हवं होतं, पण रोज काहीतरी निमित्त काढत राहिले. आधी मोठं मशीन बिघडलं, मग हॉटेलवाल्याच्या चादरी एकदम येऊन पडल्या, मग माझा खांदा धरला. सगळं खरं आहे आणि तरी ही निमित्तंच आहेत, हे तू ओळखशील. लहानपणी मी काही लपवत असले की न सांगता भांडी घासायला बसायचे आणि तू आईला जाऊन सांगायचीस, ताईनं काहीतरी केलंय. लेकीचा फोटो पोचला. केवढी उंच झाली गं! कपाळ आईचं आणि हट्टी हनुवटी तुझी. फोटो काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. गिऱ्हाईक खिशात पावती शोधत असलं की तेवढ्यात मी भाची दाखवून घेते.

तू विचारलंस, रविवारी लाँड्रीत तुम्ही नेमकं करता काय. खरं सांगू, फारसं काही करत नाही. मी ते ठरवून सुरूही केलं नव्हतं. टॅक्सीवाला शर्ट द्यायला आला, खिसे तपासताना त्यातून पानं दुमडलेला नवा करार निघाला. मी सहज म्हटलं, कुठल्या चर्चला जाता? तो हसला. म्हणाला, तुरुंगात होतो तेव्हा पाळक दर महिन्याला भेटायला यायचे, सुटून बाहेर आलो आणि चर्चला गेलो तर शेजारच्या बाईनं पर्स उचलून मांडीवर घेतली. पुढच्या रविवारी ये, चहा करते, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग नर्सबाई आल्या. घटस्फोटानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं, तेव्हापासून चर्चच्या गायकवृंदात त्यांना घेत नाहीत. या खुशाल, पण गाऊ नका, असं सांगितलंय. इथं त्या गातात तेव्हा इस्त्रीच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण थरथरतं. समोरचे दोघे न्हावी येतात. एकत्र राहतात, आम्ही त्यांना काही विचारत नाही, ते आमचे केस फुकट कापतात. शटर अर्धं वर असतं, म्हणजे दुकान बंद आहे हे गिऱ्हाइकाला कळावं आणि आत माणसं आहेत हे ज्याला हवंय त्याला. चादरींच्या गाठोड्यांवर बसायचं, कुणीतरी एक उतारा वाचायचा, प्रार्थना करायची, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव मोडून हातोहात फिरवायचा. हे प्रभुभोजन होतं की नाही, ते शिकलेल्या लोकांनी सांगावं. आम्ही त्याला नाव दिलेलं नाही आणि अजून कुणी आम्हाला नावंही ठेवलेली नाहीत.

पण हे सगळं कुणासाठी सुरू झालं ते मला पक्कं माहीत आहे. ती सकाळ मी तुझ्यापुढे कधी काढत नाही. आज काढते, माफ कर. तुला पाचवा महिना होता, लग्न झालेलं नव्हतं, निळा सैलसर झगा घातला होतास, मी तुझ्याशेजारी. चर्चचे पंच प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट घेऊन आपल्या बाकाशी आले. मंडळीत पाळकांपेक्षा त्यांचाच शब्द मोठा होता. ताट त्यांनी तुझ्यापुढून असं नेलं, जणू ती जागाच रिकामी होती. मग वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरी, तू मागे जाऊन बस.” तू मागे नाही बसलीस. बाहेर गेलीस आणि तुझ्यामागोमाग मी. आई बाकावर तशीच मान खाली घालून बसलेली. त्यानंतर तू गाव सोडलंस आणि मी ते चर्च. पाव मोडताना दर रविवारी माझ्या डोळ्यापुढे तूच असतेस. इथं येणाऱ्या कुणालाच ताट चुकायचं नाही, एवढा एकच नियम मी स्वतःशी केला होता. किती सोपा वाटला होता तेव्हा!

आता जे सांगायचंय ते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी एक म्हातारा पिशवी घेऊन काउंटरशी उभा राहिला. पिशवीत तरुण माणसाचे शर्ट. म्हणाला, धुऊ नका, नुसती इस्त्री करा. मी म्हटलं, मळलेत, इस्त्रीनं डाग पक्के होतील. तो म्हणाला, होऊ देत, वास जाऊ नये. मग मी वर पाहिलं. पंच होते. इतके वाळलेले की कॉलरीत मान हरवली होती. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं. त्यांच्या मुलानं स्वतःचा जीव घेतला होता. गावभर ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि असं गेलेल्याची शवपेटी चर्चमध्ये आणायची नाही, हा नियम पूर्वी पंचांनीच आग्रह धरून करून घेतला होता. नव्या पाळकांनी नियम बाजूला ठेवू म्हटलं, तर हेच नको म्हणाले. पोराला परस्पर स्मशानात नेलं आणि त्या दिवसापासून स्वतःही चर्चची पायरी चढले नाहीत. हे सगळं त्यांनी मला काउंटरवर उभ्याउभ्या सांगितलं, कुणी हिशेब वाचावा तसं. मला कीव आली नाही, धाकटे. मला वाटलं, बरं झालं. ते वाटलं आणि मी घाईघाईनं पावती लिहायला घेतली.

शर्ट न्यायला ते चुकून रविवारी आले. आम्ही गात होतो. शटरखाली बूट दिसले, तिथंच थांबले. टॅक्सीवाल्याला कोण कुठले काही ठाऊक नाही. तो म्हणाला, काका, आत या नाहीतर बाहेर थांबा, गार वारा येतोय. तसे पंच वाकून आत आले आणि दारालगतच्या गाठोड्यावर टेकले. पाव फिरत होता, तो नेमका माझ्या हातात होता, आणि पुढचे ते. माझ्या मनात काय आलं ते तुला वेगळं सांगायला नको. एक हात पुढे करून त्यांच्यापलीकडच्या न्हाव्याला पाव देणं अगदी जमण्यासारखं होतं. ते स्वतःच म्हणाले, मला नको, माझी लायकी नाही. मी इतक्या रागानं बोलले की सगळे दचकले. म्हटलं, लायकी इथं कुणी विचारत नाही, घ्या. त्यांनी घेतला. चावता येईना, नुसता ओठांशी धरून बसले. नर्सबाई उठल्या. त्यांचं गाणं बंद करणारेही हेच. मला म्हणाल्या, “हे इथं बसणार असतील तर मी कुठं जाऊ?” आणि गेल्या. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. चहा दिला, बोलल्या, पण येत नाहीत. त्यांच्याशिवाय आमचं गाणं म्हणजे नुसतं पुटपुटणं झालंय.

पंच मात्र दर रविवारी येतात. उठताना गाठोडी नीट रचून ठेवतात. एकदा तेवढं विचारलं, धाकटी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, तिला माझा निरोप सांगशील का? मी म्हटलं, नाही. तुमचा निरोप मी पोचवणार नाही, तुमचं तुम्ही बघा. म्हणून निरोप काय होता ते मला माहीत नाही, आणि या पत्रात तो नाही. पण त्यांना पाव देते तेव्हा मला दर वेळी वाटतं, मी तुझ्या पाठीमागे तुझ्या वाट्याचं काहीतरी देऊन टाकतेय. तुला न विचारता. हे तुझं दुःख होतं आणि मी ते माझ्या मालकीचं असल्यासारखं वागले.

आता तू लिहिलंस की लेकीला चर्चमध्ये नाही, मावशीच्या लाँड्रीत पहिल्यांदा पाव घ्यायचाय, पुढच्या महिन्यात दोघी येताय. पत्र वाचून मी दुकानातच रडले, आधी आनंदानं आणि मग भीतीनं. त्या रविवारी येऊ नका, असं पंचांना सांगणं सोपं आहे. ते ऐकतील, लगेच ऐकतील, एक शब्द न बोलता ऐकतील. म्हणूनच मला ते सांगवत नाही. ते दारालगत बसलेले असतील आणि पाव त्यांच्याकडेही जाईल, तुझ्या लेकीच्या हातून जाईल असंही होईल. हे ऐकून तू आली नाहीस तर मी तुला दोष देणार नाही, आणि मग मीच गाडीत बसून पोरीसाठी पाव घेऊन तुझ्या घरी येईन, तू दार उघडलंस तर. तुला स्टेशनवर मिठी मारून झाल्यावर हे सांगितलं असतं तर तुला परत फिरता आलं नसतं, म्हणून आधी लिहिलं. त्या सकाळी तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ताई