देवमाशाची आणि ऑक्टोपसच्या बायकोची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. दबाव आणायला धाकटा भाऊ काल येऊन गेला, पण मी कानाचे यंत्र काढून ठेवले होते. यापूर्वी काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे; उद्यानाच्या भावी योजनांना दिलेल्या माझ्या लेखी शुभेच्छाही त्यात आल्या.

१. राहते घर, दोन खोल्या, भावजयीला, तिच्या एकटीच्या नावावर. भावाच्या कल्पना चाळीस वर्षे जेवणाच्या टेबलावर तिनेच ऐकून घेतल्या. तिला दार लावून बसायला जागा हवी. भावाने तिथे विचारून यावे.

२. बँकेतली शिल्लक अंत्यविधीला पुरेल. भाषणे नकोत.

३. मनोरंजन उद्यानाबद्दल. भावाने आणि मी ते उभे केले तेव्हा एक नियम होता. नवी हलती आकृती तयार झाली की कार्यशाळेतल्या सगळ्यांनी तिच्यासमोरून चालत जायचे. दारापर्यंत एकानेही मागे वळून पाहिले नाही, तर दुसऱ्या दिवशी ती मोडायची. अशा अकरा मोडल्या. बारावा देवमासा. त्याने डोळा उघडला तेव्हा सुतार दारातून परत आला आणि खालीच बसला.

मग गर्दी वाढली, दरवर्षी काहीतरी नवे हवे झाले आणि मी दमले. देवमाशानंतर केलेला ऑक्टोपस लोकांना आवडला होता; त्याच्याच साच्यातून दुसरा काढला, गुलाबी रंग फासला, पापण्या चिकटवल्या आणि ‘ऑक्टोपसची बायको’ म्हणून उभा केला. सगळे सरळ चालत दाराबाहेर गेले. तरी मी मंजुरीची सही केली. भावाने उद्यानाची वाट लावली असे मी गावभर सांगत आले, पण सुरुवात माझ्या त्या सहीने झाली. मला त्याची लाज वाटते.

भावाने पुढे नुसता वेग वाढवला. ज्वालामुखीतून आता साबणाचा फेस येतो. भुयारातल्या राक्षसाच्या पंजात लोक फोन ठेवतात. जिथे माना वर करून उडता राजवाडा पाहायचे, तिथे पुठ्ठ्याचे पंख टांगलेत आणि फोटोसाठी रांग लागते. “ताई, लोकांना हेच हवं असतं,” असे तो म्हणतो. कुठल्या लोकांना विचारले, ते मात्र सांगत नाही.

४. ऑक्टोपसची बायको, उंची नऊ फूट, भावाला. ती त्याने स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवावी. पुठ्ठ्याचे पंख सुचवणाऱ्या सल्लागाराला माझा चष्मा.

५. देवमासा. मूळ करारानुसार तो माझ्या मालकीचा. त्याला सोनेरी रंग देऊन फाटकाशी बसवायचा भावाचा बेत आहे. शेजारी माझा पुतळा, हात पुढे केलेला, म्हणजे लोकांना हातात हात घेऊन फोटो काढता येईल. दोन्हीला माझी साफ मनाई आहे.

देवमासा, सगळे साचे, हत्यारांची पेटी आणि माझ्या नावावरची कार्यशाळा मेकॅनिकबाईला. ती बावीस वर्षे त्याच्या पोटात शिरून तेलपाणी करते आहे. तिने तो सुटा करावा, हवे ते भाग घ्यावेत, बाकीचे भंगारात द्यावेत. माझी आठवण म्हणून तो चालू ठेवू नये. एवढे लिहायला मला तीन दिवस लागले, कारण त्याहून चांगले काम माझ्या हातून झाले नाही.

गेल्या आठवड्यात मी तिला विचारले, की या भागांतून काय करशील. तिने फडक्याला हात पुसले आणि देवमाशाच्या पोटाचे झाकण लावून टाकले.

“अजून माहीत नाही, बाई. पण देवमासा नाही.”

म्हणून सगळे तिलाच.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली:
उद्यानाची पहिली आकृतिकार

आमच्यादेखत सही झाली:
१. शेजारीण, निवृत्त तिकीटखिडकीवाली
२. डॉक्टर, शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे

ठिकाण: कार्यशाळा, उद्यानाच्या मागच्या फाटकाशी
तारीख: अकरा मार्च, मंगळवार