शिशावरचा शिक्का

अण्णा,

गेल्या रविवारी मी शेटजींचं म्युझियम बघून आले. तुमच्या त्या शेटजींचं, ज्यांच्या दुकानात तुम्ही दरवर्षी वजनं तपासायला जात होतात. मांडवीकडे जाताना त्यांची वखार होती ना, ती आता रंगवून, दिवे टांगून, दाराशी तिकिटाचं टेबल मांडून बसवली आहे. शेटजींचा नातू चालवतो. आपल्या धाकट्याची मुलगी मुंबईहून चार दिवस आली होती, तिने मोबाइलवर फोटो पाहिले आणि “आत्या, चल ना, भारी आहे” म्हणून माझ्या मागे लागली. मी गेले. निवृत्त झाल्यापासून लोक मला कुठेही न्यायला लागले आहेत, जशी मी त्यांच्या सामानातली एखादी छत्री आहे.

आत काय नाही ते विचारा. गोटी सोड्याच्या बाटल्या, अडकित्त्यांची अख्खी भिंत, कुणा दंतवैद्याची पायाने फिरवायची मशीन, बिस्किटांचे गंजलेले डबे, आणि एका कपाटात नुसत्या कवळ्या. कवळ्यांवर काच आहे, हे नशीब. मधोमध शेटजींचा पुठ्ठ्याचा पुतळा, पगडी, उपरणं सगळं आहे, फक्त तोंडाच्या जागी भोक. पर्यटक मागून तोंड घालतात आणि फोटो काढतात. मी मनात म्हटलं, याहून खरं चित्र कुणी काढलं नसतं. पाट्या इंग्रजीत आहेत. त्या वाचून आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरने फूटपट्टी मागवली असती.

शेवटच्या दालनात मोठा तराजू टांगलाय आणि त्याखाली फळीवर लोखंडी वजनं ओळीने मांडली आहेत. पाटीवर लिहिलंय, आजोबांची सचोटी, सरकारी शिक्क्याची अस्सल वजनं, हात लावून पाहा. मी हात लावला. पाच किलोचं एक उजव्या हातात घेतलं, दुसरं डाव्या हातात, आणि सवयीने डोळे मिटले. मी आठ वर्षांची आहे, ओटीवर तुम्ही माझ्यासमोर बसला आहात, ऑफिसातून आणलेली दोन वजनं माझ्या तळहातांवर ठेवताय आणि विचारताय, कोणतं खोटं बोलतंय? आई आतून ओरडते की पोरीचे खांदे उतरतील. चुकलं की तुम्ही नुसती मान हलवायचात आणि वजनं पुन्हा मागे नेऊन बदलून आणायचात. पुढे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना चिमट्याने मिलिग्रॅमची वजनं उचलायला शिकवलं, पण तो हात तुम्ही घडवलेला होता. डाव्या हातातलं खोटं बोलत होतं.

डोळे उघडून मी ते उजेडात नेलं. वरच्या खळग्यात शिसं होतं, आणि शिशावर तुमचा शिक्का. वर्ष, तिमाहीचं अक्षर आणि तुमचा इन्स्पेक्टरचा आकडा, एकेचाळीस. शिक्क्याला लागून कानशीने मारलेली आडवी रेघ. जप्त केलेल्या वजनावर अशी रेघ सबंध जिल्ह्यात फक्त तुम्ही मारायचात.

ती बाई आठवते का तुम्हाला, जिच्यामुळे हे सगळं झालं? लांज्याच्या बाजूची होती, आपल्या दाराशी तांदळाचं बोचकं घेऊन आली होती. तुम्ही जेवत होतात, उष्ट्या हाताने बाहेर गेलात. ती म्हणाली, “सायेब, दुकानात बरोबर नि घरी गेल्यावर कमी. तांदूळ काय वाटेत उतरून चालत जातात?” तुम्ही दुसऱ्या दिवशी शेटजींच्या दुकानात गेलात आणि पाच वजनं जप्त करून आणलीत. आईला सांगत होतात ते मी ऐकलं. शिक्का जागच्या जागी आहे, वजन मात्र भरत नाही, खालून काहीतरी केलंय, उद्या पंचांसमोर खालची बाजू खरवडून बघतो. तो उद्या आलाच नाही. सकाळी ऑफिसच्या कपाटातून वजनं गायब होती, आणि आठवड्याभरात वर तक्रार गेली की इन्स्पेक्टर पैसे खाऊन हलक्या वजनांवर शिक्का मारतो. तुमच्याच जप्तीच्या कागदात लिहिलं होतं, वजन कमी आणि शिक्का तुमचा. खालची बाजू दाखवायला वजनं नव्हती. ज्या शिक्क्याने तुम्ही गावातल्या दुकानदारांना खरं ठरवत होतात, त्याच शिक्क्याने तुम्हाला खोटं ठरवलं.

मग निलंबन, चौकशी, तारखा. शाळेत एका मुलीने आपला डबा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, किती ग्रॅम कमी आहे ते सांग, तुला घरी शिकवतात ना. मी तिचा डबा खिडकीतून बाहेर फेकला आणि दिवसभर चॅपलबाहेर उभी राहिले. तुम्हाला शाळेत बोलावलं, तुम्ही आलात आणि मदरची माफी मागितलीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. आरोपी मेला की फाईल बंद करतात, त्यामुळे तुम्ही दोषी ठरला नाहीत आणि निर्दोषही ठरला नाहीत. त्या अर्धवट जागी आईने उरलेलं आयुष्य काढलं. लग्नकार्यात बायका तिला मागच्या रांगेत बसवायच्या, आणि ती बसायची.

तर मी वजन उलटं केलं. खालच्या बाजूला काळा रंग होता आणि मधे बोराएवढा गोल, जरा वेगळ्या पोताचा. मी अंबाड्यातली पिन काढली आणि त्या गोलावर टोचली. काळी लाख भुकटी होऊन सुटली. पिन आत गेली, पार आत, बोटं टेकेपर्यंत. वरचं शिसं आणि शिक्का तसाच ठेवून खालून लोखंड पोखरलं होतं.

नातू धावत आला. तिशीचा असेल, कानात बाळी, वागायला गोड. “आजी, प्लीज, खराब होईल ते.” मी म्हटलं, जे व्हायचं ते पन्नास वर्षांपूर्वी झालंय, आणि मी तुझी आजी नाही. मग विचारलं, ही रेघ मारलेली वजनं आली कुठून? तो म्हणाला, माळ्यावर एका गोणीत होती, पाचच, फळीवरची बाकीची मी जुन्या बाजारातून आणली, दुकानाची तर केव्हाच भंगारात गेली, ही आजोबांनी का जपली होती कोण जाणे. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजात मला जमलं नसतं. पिन भोकात घालून दाखवली. त्याचा चेहरा उतरला, पण व्यापाऱ्याचं रक्त लगेच सावरतं. इकडेतिकडे बघून म्हणाला, “मॅडम, तुम्ही हे घेऊन जा. खरंच घेऊन जा. पण विषय इथेच संपवू या ना, आमच्या घरात मोठी माणसं आहेत.”

मी म्हटलं, “माझ्या वडिलांना तुझ्या आजोबांनी हेच विचारलं असणार. त्यांनी काय उत्तर दिलं ते ह्या रेघेत दिसतंय. मी वजन नेतेय, शब्द देत नाहीये.” आणि ते कापडी पिशवीत घालून बाहेर पडले. पुठ्ठ्याच्या शेटजींमागे कुणी तोंड घालून हसत होतं.

रिक्षात पुतणीने विचारलं, आत्या, एकेचाळीस नंबर म्हणजे कोण? तिच्या आजोबांबद्दल तिला एवढंच माहीत आहे की ते सरकारी नोकरीत होते आणि लवकर गेले. तिच्या बापाने तेवढंच सांगितलंय, आणि मीही कधी जास्त सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला मी वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायला लावलं. चार किलो सातशे. तो म्हणाला, “मावशी, ह्या वजनान कोण इकत होता?” मी म्हटलं, एक सचोटीचा माणूस.

आता ते माझ्या टेबलावर आहे. कुणाला दाखवू? चौकशी करणारे साहेब गेले, पंच गेले, तांदळाचं बोचकं आणणारी ती बाई गेली असेल, आई तर केव्हाच. वर्तमानपत्राला लिहीन. नातवाला वकिलाची नोटीस पाठवीन, ती पाटी उतरवायला लावीन, त्याशिवाय मी गप्प बसणार नाही. पण हे सगळं करताना लोक म्हणतील, बघा, मुलीने बापासाठी केवढं केलं. म्हणून आधी तुम्हाला सांगते.

चौकशी चालू होती तेव्हाची एक संध्याकाळ आहे. मी दहावीत होते. त्याच वर्षी तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलं होतं, वर्गात फक्त श्रीमंत मुलींकडे असायचं तसलं. मी टेबलाशी बसले होते. तुम्ही बराच वेळ दारात उभे होतात, मग विचारलंत, “तुला काय वाटतं गं?” घरात तुम्ही तो प्रश्न दुसऱ्या कुणालाच विचारला नव्हता. मी वहीतून मान वर न करता म्हटलं, उद्या भूमितीचा पेपर आहे. तुम्ही दार हळूच लोटून घेतलंत.

मला वाटत होतं, तुम्ही पैसे घेतले असणार. त्या संध्याकाळी वाटत होतं, आणि गेल्या रविवारी पिन आत जाईपर्यंत वाटत होतं.