चॅपलमागची कवायत

प्रिय मॉरविद,

तुझी चिठ्ठी मिळाली. रविवारी होमगार्डचं शेवटचं संचलन, तुझा एमरिस सार्जंटच्या पट्ट्या लावून पुढं चालणार, आणि आम्ही दोघांनी यावं म्हणतेस. बत्तिस्ता कालपासून बूट चमकवत बसलाय.

गाव राखायला दल उभं केलं, ते पहिले दिवस आठवतात ना? बंदुका नव्हत्या, म्हणून माणसं झाडूचे दांडे खांद्यावर टाकून चॅपलमागं जमायची. बत्तिस्ता इटलीचा, म्हणून दलात त्याचं नाव नोंदवून घेतलं नाही. पण मागच्या युद्धात तो आपल्याच बाजूनं लढलेला, तेव्हा शिकवायला मात्र तोच. खाणीतली माणसं, मेंढपाळ, शाळेतले कॅडेट, सगळे त्याचं ऐकायचे. एमरिसचा डावा-उजवा सारखा चुकायचा. बत्तिस्ता म्हणायचा, "अरे, तुझ्या मेंढ्यासुद्धा याहून सरळ चालतात." सगळे हसायचे. तुझा नवरा हसत नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग इटली आपल्याविरुद्ध युद्धात उतरली. इथल्या इटालियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. बत्तिस्तासारख्या वीस वर्षांहून जास्त इथं राहिलेल्यांना धरत नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. तरी हवालदार आला. रोज आमच्याकडं चहा पिणारा माणूस, मान वर करेना. म्हणाला, "नेस्ट, तो रोमचा रेडिओ ऐकून रडतो, असं कुणीतरी कळवलंय."

रडला होता तो, एकदाच. त्याच्या आईच्या गावाकडचं गाणं लागलं होतं. ते मी फक्त तुला सांगितलं होतं, तुझ्या परसात कपडे वाळत घालताना.

तो बेटावरच्या नजरकैदेत, तारांच्या कुंपणाआड होता, तेव्हा तू अंडी घेऊन यायचीस, माझा हात धरून बसायचीस. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी अंडी घेत राहिले. दारात दुसरं कुणी येतच नव्हतं गं.

आता तो परत आलाय, छातीत खोकला घेऊन. आल्यापासून तू मात्र फिरकली नाहीस. तो विचारतो, मॉरविद का येत नाही? अभिमानानं सांगतो, माझा सगळ्यात ढ विद्यार्थी सार्जंट झाला. संचलनानंतर तुम्हा दोघांना जेवायला बोलवायचंय त्याला. ते आमंत्रण लिहायला त्यानं मला बसवलं, आणि मी हे लिहितेय. मी त्याला काहीच सांगितलेलं नाही. शनिवारी ये आणि तूच सांग. नाही आलीस, तर रविवारी सगळ्या गावासमोर मी सांगेन.

एके काळी तुझीच,
नेस्ट